344 विरुद्ध 98: हातात आलेली सत्ता कामगारांनी का सोडली?

16 डिसेंबर 1918, बर्लिन. प्रशिया या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या विधिमंडळाच्या सभागृहात देशभरातून आलेले सुमारे 500 प्रतिनिधी दाटीवाटीने बसले होते. कुणी कामगार, कुणी कामगार संघटनेचा कार्यकर्ता, कुणी अजून गणवेशातला सैनिक. कैसर विल्हेल्म हॉलंडला पळाला होता. त्याच्याबरोबर जर्मनीतल्या सगळ्या लहानमोठ्या राजघराण्यांच्या गाद्या गेल्या होत्या. निदान कागदोपत्री देशातली सर्वोच्च सत्ता या सभागृहात बसलेल्या माणसांची होती. तीन दिवसांनी त्यांच्यापुढे ठराव आला, की यापुढे देशाचा कारभार आपल्यासारख्या कामगार-सैनिक मंडळांनीच चालवावा. ठरावाच्या बाजूने 98 मतं पडली, विरोधात 344.

कामगारांच्या प्रतिनिधींनीच सांगून टाकलं, की आम्हाला राज्य नको, निवडणुका घ्या आणि संसदेला द्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे उलटे छापले गेलेत असंच वाटलं होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कामगार क्रांत्यांचा अभ्यास बहुतेक जण रशियापासून सुरू करतात. ते साहजिक आहे, कारण तिथे क्रांती टिकली. पण कुणी विचारलं तर मी जर्मनीपासून सुरुवात करायला सांगतो. रशियात कारखान्यातला कामगार हा शेतकऱ्यांच्या महासागरातलं बेट होता. जर्मनीत मात्र मार्क्सवाद्यांना हवं ते सगळं होतं: प्रचंड उद्योग, शिकलेला कामगार, आणि युरोपातला सर्वांत मोठा समाजवादी पक्ष. क्रांती कुठे व्हायला हवी होती तर इथे. ती झालीही. पुढे जे घडलं ते समजलं की हंगेरी, इटली, फिनलंड हे सगळं वाचणं सोपं जातं.

आधी शब्दांचा घोळ

हा विषय अवघड वाटण्याचं अर्धं कारण म्हणजे शब्द. आज 'सोशल डेमोक्रॅट' म्हटलं की कर भरा, दवाखाने काढा म्हणणारा सौम्य माणूस डोळ्यांपुढे येतो. 1914 च्या आधी हा शब्द पक्क्या मार्क्सवाद्यांचा होता. लेनिनच्या पक्षाचं नावही मार्च 1918 पर्यंत सोशल डेमोक्रॅटिक असंच होतं. त्यामुळे जुन्या मजकुरात हा शब्द दिसला की आधी साल बघायचं.

दुसरा शब्द 'सोव्हिएत'. पुढे तो एका देशाचं नाव झाला म्हणून आपल्याला भारदस्त वाटतो. रशियनमध्ये त्याचा अर्थ साधा आहे: सल्ला, आणि सल्ला करायला बसलेलं मंडळ. जर्मनमधल्या 'राट' या शब्दाचेही हेच दोन अर्थ. सल्लामसलत करणारे लोक, एवढंच. 1905 साली रशियात संप पसरले तेव्हा संप चालवायला कारखान्याकारखान्यातून माणसं निवडली गेली, आणि त्यांच्या बैठकीला हे नाव पडलं. ती कुणा विचारवंताने आखून दिलेली योजना नव्हती. मुंबईत 1928 च्या मोठ्या संपाच्या काळात गिरणी कामगार युनियनने गिरणीगिरणीत कमिट्या उभ्या केल्या, त्याच जातीची ही गोष्ट. फरक इतकाच, की सरकार कोसळलेल्या शहरात अशी कमिटी मालकाशी बोलून थांबत नाही. रेशन, पोलीस, रेल्वे हे सगळं तिच्या दारात येऊन पडतं.

संसदेत आणि मंडळात फरक काय? संसदेचा खासदार एका भूभागातून काही वर्षांसाठी निवडून येतो. मंडळाचा प्रतिनिधी जिथे काम करतो तिथून निवडला जातो, आणि त्याने दगा दिला तर पुढच्याच आठवड्यात त्याला परत बोलावता येतं. ऐकायला छान वाटतं. पण घरी बसलेली बाई, शेतकरी, निवृत्त शिक्षक यांना मत कुठून मिळणार, हा प्रश्न तेव्हाही लोक विचारत होते.

दहा लाखांचा पक्ष

जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला, म्हणजे एसपीडीला, नुसता पक्ष म्हणणं कमीच आहे. 1912 च्या निवडणुकीत त्याला जवळपास 35 टक्के मतं आणि 397 पैकी 110 जागा मिळाल्या. महायुद्धाच्या तोंडावर दहा लाखांवर सभासद, नव्वदच्या आसपास दैनिकं, वाचनालयं, गायनमंडळं, सायकल क्लब. बर्लिनमध्ये पक्षाची स्वतःची शाळा होती आणि तिथे रोझा लुक्झेम्बुर्ग अर्थशास्त्र शिकवायची. कामगार जन्मापासून मरेपर्यंत पक्षाच्याच जगात राहू शकत होता. आपल्याकडे अशी तुलना द्यायला काहीच नाही.

या पक्षाच्याच भूमीवर, श्टुटगार्टला, ऑगस्ट 1907 मध्ये आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली. मुंबईच्या मादाम कामांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला ती हीच परिषद. युद्ध सुरू होऊ लागलं तर कामगारांनी ते रोखावं, आणि तरी झालंच तर त्या संकटाचा उपयोग भांडवलशाही उलथायला करावा, असा ठराव तिथे झाला. त्यातली शेवटची धारदार ओळ घालायला लावणाऱ्यांमध्ये लुक्झेम्बुर्ग आणि लेनिन होते.

सात वर्षांनी युद्ध आलं. 3 ऑगस्ट 1914 ला एसपीडीच्या खासदारांनी आपसात मतं घेतली: युद्धखर्चाला मंजुरी द्यावी म्हणणारे 78, नको म्हणणारे 14. दुसऱ्या दिवशी संसदेत सगळ्यांनी एकमताने हात वर केले. पक्षाची शिस्त! कार्ल लीबक्नेश्टने एकट्याने विरोधी मत द्यायला डिसेंबर उजाडला. असं का झालं यावर ग्रंथ आहेत. मला पटणारं उत्तर घरगुती आहे. एवढा संसार मांडल्यावर तो मोडायची भीती वाटते. शिवाय समोर झारचा रशिया होता, आणि त्याच्याविरुद्ध लढणं जर्मन कामगाराला पापही वाटत नव्हतं.

टर्नर आणि खोगीरवाला

युद्ध लांबलं. ब्रिटिश नौदलाने समुद्र अडवला आणि 1916-17 च्या हिवाळ्यात बटाटेही संपले. लोकांनी जनावरांच्या चाऱ्यातले सलगम खाऊन दिवस काढले. त्या हिवाळ्याला जर्मनीत अजूनही 'सलगमचा हिवाळा' म्हणतात.

कामगार संघटनांनी युद्धकाळात संप न करण्याचं वचन सरकारला दिलेलं होतं. मग संप कोण करणार? इथे रिचर्ड म्युलर येतो. हा बर्लिनमधला टर्नर, लेथवर काम करणारा. तोफगोळ्यांच्या कारखान्यात टर्नर म्हणजे नाक दाबलं की तोंड उघडेल अशी जागा. हजार माणसांच्या कारखान्यात पन्नास टर्नर थांबले तर सगळं थांबतं, आणि त्यांना उचलून खंदकात धाडलं तर त्यांच्या जागी लगेच कुणी मिळत नाही. म्युलर आणि त्याच्या साथीदारांनी संघटनेच्या पुढाऱ्यांना बाजूला ठेवून कारखान्याकारखान्यातल्या भरवशाच्या माणसांचं गुपचूप जाळं विणलं. भाषणं नाहीत, पत्रकं नाहीत. जानेवारी 1918 मध्ये या जाळ्याने एकट्या बर्लिनमध्ये चार लाखांच्या आसपास कामगारांना बाहेर काढलं. लीबक्नेश्ट आणि लुक्झेम्बुर्ग तेव्हा तुरुंगात होते. जग त्यांची नावं लक्षात ठेवतं, पण बर्लिनचे कारखाने टर्नर मंडळींच्या शब्दावर थांबत होते.

त्या संपाच्या समितीत एसपीडीचा पुढारी फ्रीडरिश एबर्टही घुसला. मूळचा खोगीर शिवणारा कारागीर, युद्धात दोन मुलगे गमावलेला. संप लवकर मिटावा म्हणून आपण आत गेलो, असं पुढे त्याने स्वतःच सांगितलं. एबर्टला खलनायक ठरवणं सोपं आहे, आणि मी तो मोह पुरता आवरू शकलेलो नाही. पण तो काही विकला गेलेला माणूस नव्हता. त्याला क्रांती नकोच होती. निवडणुका, सुधारणा, व्यवस्था, हेच त्याला समाजवाद वाटत होतं.

सप्टेंबर 1918 अखेर सेनापती लुडेनडॉर्फने कबूल केलं की युद्ध हरलं आहे, आणि तहाची बोलणी करायला नागरी सरकार पुढे केलं. पराभवाची सही दुसऱ्याच्या हातून करून घ्यायची, म्हणजे उद्या बोट दाखवायला मोकळं. पुढच्या पंधरा वर्षांत हे बोट फार महाग पडलं.

ऑक्टोबरच्या शेवटी नौदलाच्या अधिकाऱ्यांनी ब्रिटिशांशी एक शेवटची लढाई करायचं ठरवलं. तहाची बोलणी चालू असताना इभ्रतीसाठी मरायचं! विल्हेल्म्सहाफेनच्या जहाजांवर खलाशांनी बॉयलरमधला विस्तव विझवला. कील बंदरात 3 नोव्हेंबरला गोळीबारात सात जण मेले आणि दुसऱ्या दिवशी शहर खलाशांच्या ताब्यात गेलं. तिथून रेल्वेने क्रांती पसरली, अगदी शब्दशः. खलाशी गाडीत बसायचे, पुढच्या शहरात उतरायचे आणि संध्याकाळपर्यंत तिथे मंडळ उभं राहायचं. 7 तारखेला बव्हेरियाचा राजा म्युनिकमधून पळाला. 9 ला बर्लिन.

9 नोव्हेंबरचा दिवस नाटकासारखा आहे. दुपारी दोनच्या सुमारास एसपीडीचा फिलिप शाइडेमान संसदेच्या उपाहारगृहात जेवत होता. लीबक्नेश्ट समाजवादी प्रजासत्ताक जाहीर करणार असं कानावर आलं तसा तो खिडकीशी गेला आणि त्यानेच प्रजासत्ताक जाहीर करून टाकलं. हे ठरवणारा तू कोण, म्हणून एबर्ट त्याच्यावर उखडला. दोनेक तासांनी लीबक्नेश्टने राजवाड्यातून 'स्वतंत्र समाजवादी प्रजासत्ताक' जाहीर केलं. एका दिवसात, एकाच शहरात दोन प्रजासत्ताकं.

दुसऱ्या दिवशी बुश सर्कशीच्या तंबूवजा इमारतीत कामगार-सैनिक मंडळांची सभा झाली. तिने सहा जणांच्या सरकारला मान्यता दिली: तीन एसपीडीचे, तीन युद्धाला विरोध करून 1917 मध्ये फुटलेल्या स्वतंत्र सोशल डेमोक्रॅटांचे. त्यांच्यावर देखरेख ठेवायला एक कार्यकारी मंडळ नेमलं आणि त्याच्या अध्यक्षांपैकी एक झाला टर्नर म्युलर. त्याच रात्री सेनापती ग्रोनरने एबर्टला फोन केला. तुम्ही बोल्शेव्हिकांना, म्हणजे लेनिनच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांना, आवरा, अधिकाऱ्यांची सत्ता शाबूत ठेवा, सैन्य तुमच्या पाठीशी राहील. एबर्टने होकार दिला. ज्या सभेने सरकार नेमलं तिला या फोनचा पत्ताही नव्हता.

मग 344 जणांनी नाही का म्हटलं?

पहिलं कारण सगळ्यात सरळ आहे. प्रतिनिधींमध्ये एसपीडीवाले बहुसंख्य होते. म्युलरच्या जाळ्यातल्या कामगारांना पक्षाचा राग आला असेल, पण लहान गावातल्या कामगाराला आणि घरी परतणाऱ्या सैनिकाला तो आपला, बापाच्या वेळचा पक्ष होता.

दुसरं कारण परदेशी वाचकाच्या लक्षात येत नाही. मताचा अधिकार हीच या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची मागणी होती. प्रशियात मतदारांचे भरलेल्या करानुसार तीन वर्ग पाडले जायचे आणि प्रत्येक वर्गाला एकतृतीयांश वजन. मूठभर श्रीमंतांचं मत आणि लाखो गरिबांचं मत सारखं. 1908 मध्ये एसपीडीला प्रशियात जवळपास एकचतुर्थांश मतं पडली आणि जागा मिळाल्या 7, चारशेहून अधिक जागांपैकी. ज्यांनी आयुष्यभर 'एक माणूस, एक मत' म्हणून मोर्चे काढले, त्यांना ते मिळालं त्याच महिन्यात सांगायचं की आता संसद नको, मंडळं आली आहेत? आणि फक्त माणूसच नव्हे. 12 नोव्हेंबरला नव्या सरकारने बायकांनाही मत दिलं होतं.

तिसरं, रशिया. लेनिनने जानेवारी 1918 मध्ये निवडून आलेली संविधान सभा एका बैठकीनंतर बंद पाडली होती, आणि त्यानंतर तिथे यादवी पेटली होती. जर्मन कामगाराला रशियन कामगाराबद्दल आपुलकी होती. तिथल्या उपासमारीबद्दल आणि रक्तपाताबद्दल नव्हती. सागरी नाकेबंदी अजून उठली नव्हती आणि लाखो सैनिक घरी यायचे होते.

म्युलरने नोव्हेंबरमध्ये भर सभेत म्हटलं होतं, की राष्ट्रसभेकडे, म्हणजे निवडून येणाऱ्या संसदेकडे, जाणारा रस्ता माझ्या प्रेतावरून जाईल. रस्ता तर गेला, आणि म्युलर जिवंतच राहिला. लोक त्याला 'प्रेत-म्युलर' म्हणू लागले.

इथे बरीच पुस्तकं पान उलटतात. कामगारांनी लोकशाही निवडली, बोल्शेव्हिझम नाकारला, प्रकरण संपलं. पण त्याच सभागृहाने त्याच आठवड्यात आणखी दोन ठराव केले. एक असा, की सैन्यातल्या पदांच्या खुणा काढाव्यात आणि सैनिकांनी आपले अधिकारी स्वतः निवडावेत. दुसरा असा, की जे उद्योग तयार आहेत, विशेषतः खाणी, त्यांचं सामाजिकीकरण, म्हणजे ते मालकांकडून समाजाच्या ताब्यात घेणं, ताबडतोब सुरू करावं. म्हणजे प्रतिनिधींना संसद हवी होती, आणि संसदेच्या पाठीमागे जुनं सैन्य आणि जुने खाणमालक नको होते. निवडणुकीचा ठराव सरकारने तत्परतेने अमलात आणला आणि 19 जानेवारीला निवडणूक लावली. सैन्याचा ठराव ग्रोनरच्या धमकीपुढे विझला. खाणींचा प्रश्न समितीकडे राहिला. समिती नेमली म्हणजे काय होतं ते मराठी वाचकाला सांगायला नको.

या क्रांतीची खरी गाठ माझ्या मते इथे आहे. 'लेनिन की लोकशाही' असा प्रश्न पुढाऱ्यांचा आणि नंतरच्या पुस्तकांचा होता. मंडळांतल्या बहुसंख्य माणसांना दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं, आणि ते मागायला ते गेले नेमके एबर्टकडे.

पुढचं भराभर

डिसेंबरअखेर स्वतंत्र सोशल डेमोक्रॅट सरकारमधून बाहेर पडले. वर्षाच्या संधीला कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला. निवडणूक लढवा, असं रोझा लुक्झेम्बुर्ग त्या अधिवेशनात परोपरीने सांगत होती. तिच्या स्वतःच्या पक्षाने तिचं म्हणणं 62 विरुद्ध 23 मतांनी फेटाळलं.

4 जानेवारीला सरकारने बर्लिनच्या डाव्या पोलीस प्रमुखाला काढलं आणि लाखो लोक रस्त्यावर आले. काही जणांनी एसपीडीच्या मुखपत्राची कचेरी ताब्यात घेतली. पुढारी आत बसून सरकार उलथायचं की नाही यावर खल करत राहिले. बाहेर थंडीत उभी असलेली गर्दी संध्याकाळी घरी गेली. उठाव करू नका म्हणणाऱ्या थोड्यांमध्ये म्युलर होता. सरकारच्या बाजूने गुस्ताव नोस्के पुढे आला. हाही जुना कामगार कार्यकर्ता. कुणालातरी शिकारी कुत्रा व्हावंच लागेल, हे आपलं वाक्य त्याने स्वतःच्या आठवणीत लिहून ठेवलं आहे. त्याने फ्रायकोर, म्हणजे जुन्या अधिकाऱ्यांच्या भाडोत्री तुकड्या, शहरात आणल्या. 15 जानेवारीला त्यांनी लुक्झेम्बुर्ग आणि लीबक्नेश्टला पकडून ठार मारलं. तिचं प्रेत कालव्यात टाकलं, ते मेअखेर सापडलं. हुकूम देणारा कॅप्टन पाब्स्ट 1970 पर्यंत जगला. त्याच्यावर खटला झाला नाही.

चार दिवसांनी निवडणूक झाली. एसपीडीला जवळपास 38 टक्के मतं पडली, बहुमत नाही. मार्चमध्ये बर्लिनचा सार्वत्रिक संप मोडताना हजारावर माणसं मेली. मेच्या सुरुवातीला म्युनिकचं मंडळ-सरकार चिरडलं गेलं. हंगेरीत बेला कुनचं सरकार 133 दिवस टिकलं. इटलीत सप्टेंबर 1920 मध्ये सुमारे पाच लाख कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे काय, याचं उत्तर ना संघटनेकडे होतं ना पक्षाकडे.

मार्च 1920 मध्ये तेच फ्रायकोरवाले बर्लिनवर चालून आले, आता एबर्टचं सरकार उलथायला. सैन्याने सरकारसाठी गोळी झाडायला नकार दिला. सरकार पळालं आणि वाचलं ते कामगारांच्या देशव्यापी संपामुळे. लाखोंनी काम बंद केलं, बर्लिनमध्ये वीज नाही, पाणी नाही, आणि चार-पाच दिवसांत बंड कोसळलं. 1918 च्या फोनवरच्या सौद्यात कुणी कुणाला काय दिलं, याचा हिशेब त्या आठवड्यात झाला.

नंतर इतिहासकारांनी या क्रांतीची ओढाताण केली. उजव्यांनी ती सैन्याच्या पाठीत खुपसलेला खंजीर ठरवली. पूर्व जर्मनीत 1958 मध्ये खुद्द पक्षप्रमुख उल्ब्रिख्टने निकाल दिला, की ही भांडवलदारी-लोकशाही क्रांतीच होती, फक्त काही अंशी कामगारी साधनांनी केलेली. क्रांतीची जात ठरवायला पक्षाचा हुकूम लागतो हे त्यातलं गमतीचं. 1960 च्या दशकात पश्चिमेकडच्या एबरहार्ट कोल्ब, पेटर फॉन अर्टझेन यांनी मंडळांचे कागद उपसले, तेव्हा दिसलं की बहुतेक मंडळांत बोल्शेव्हिक नव्हतेच. रेशन वाटणारी, दंगे आवरणारी, मवाळ माणसं होती ती. कुणी हा विषय वाचायला घेणार असेल तर पुढाऱ्यांची चरित्रं बाजूला ठेवून एखाद्या गावातल्या मंडळापासून सुरुवात करावी.

मंडळांचं एक पिल्लू तेवढं वाचलं. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे निवडलेलं कामगार मंडळ असावं, असा कायदा फेब्रुवारी 1920 मध्ये झाला. मालकाला प्रश्न विचारायचा अधिकार होता, निर्णय मात्र मालकाचाच. एवढ्यावर भागवू नका म्हणून 13 जानेवारीला संसदेपुढे मोर्चा निघाला होता. त्यावर झालेल्या गोळीबारात 42 जण मेले. जर्मन कारखान्यांत आज जे कामगार मंडळ असतं त्याचं मूळ त्या कायद्यात आहे.

आणि म्युलर? 1920 च्या दशकाच्या मध्यात त्याने या क्रांतीचा तीन खंडांचा इतिहास लिहिला, स्वतः जपून ठेवलेल्या कागदांच्या आधाराने. त्यानंतर टर्नर राजकारणातून बाहेर पडला, घरं बांधून भाड्याने देण्याच्या धंद्यात शिरला आणि त्यात बरे पैसे कमावले. 1943 मध्ये तो गेला तेव्हा बर्लिनमध्ये त्याची आठवण फारशी कुणाला नव्हती.